पत्रकाची मागची बाजू

ज्या माणसाशी तुमचं अजिबात पटत नाही, त्याची बाजू तुम्ही त्याच्यासमोर उभं राहून मांडू शकाल का? चिडवत नाही, नक्कल करत नाही. अशी मांडायची की शेवटी त्यानंच म्हणावं, 'हो, मला हेच म्हणायचं होतं.'

मला याच कामाचा पगार मिळतो.

लखनौत निशातगंजच्या बाजारात एका चष्म्याच्या दुकानावर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या आहेत. संस्था म्हणजे सक्सेना मॅडम, मी आणि दार नीट न लागणारं एक कपाट. मॅडम अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. आम्ही कॉलेजांना, कंपन्यांना, नव्या नोकरीत लागलेल्या तुकड्यांना एक दिवसापुरता एक देश चालवायला देतो. देश कल्पनेतला. परकी सत्ता नुकतीच गेली आहे, झेंडा ठरला आहे, गाणं ठरलं आहे आणि तिजोरी रिकामी आहे. लोकांनी टेबलाभोवती बसायचं आणि ती कशी भरायची, कोणावर खर्च करायची ते संध्याकाळपर्यंत ठरवायचं. प्रत्येक बाजूच्या हातात एक छापील पत्रक असतं. ती पत्रकं मी लिहिते. सगळ्या बाजूंची.

मी निवृत्त वगैरे नाही. केस काळे आहेत आणि डोकं बऱ्यापैकी तापट. तरी या अंकाच्या संपादकांनी 'कामाच्या आठवणी' मागितल्या, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. या कामानं माझं काय केलं ते कुठेतरी लिहून ठेवायचं होतं.

मी पत्रकांवर वाढले. बाबा चंद्रपूरजवळच्या वीज केंद्रात होते. आमच्या अंगणातून चिमण्या दिसायच्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची. आणि संध्याकाळी, अभ्यासाच्या नेमक्या वेळी, आमच्याच घरातली वीज जायची. बाबांनी यावर एक ओळ केली होती: 'धूर आमचा, उजेड तुमचा.' ही ओळ डोक्यावर छापलेलं चार पानी पत्रक ते दर महिन्याला काढत. विषय एकच. वेगळा विदर्भ. पत्रकांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे होतं. बाहुल्यांच्या आधी मला कागदाची कड अंगठ्याच्या नखानं दाबायला आली. बाकीच्या मुली गाणी म्हणायच्या, मी पाहुण्यांना कोळशाचा हिशेब सांगायचे. त्यातला शब्द न् शब्द मला खरा वाटायचा. बराचसा अजूनही वाटतो.

आता धंद्याचं थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमच्या देशात तीन प्रांत आहेत. डोंगर, मैदान आणि बंदर. डोंगरात खाणी, मैदानात माणसं आणि शेती, बंदरात जहाजं. नवा देश झाला की झेंड्यावरून भांडण होतं, पण ते फार टिकत नाही. टिकतं ते तिजोरीवरून. समजा बाहेरच्या देशातून एक शिवणयंत्र बंदरात उतरलं. त्यावर सरकारनं जकात घेतली. व्यापाऱ्यानं ती किमतीत मिळवली आणि यंत्र मैदानातल्या एका बाईनं विकत घेतलं. मग ती जकात भरली कोणी? बंदर म्हणतं, आम्ही. धक्का आमचा, गाळ आम्ही उपसतो, वादळात बुडायची जोखीम आमची. मैदान म्हणतं, आमच्या बाईनं भरली, तुम्ही फक्त मधे हात धरला. डोंगर म्हणतो, लोखंड आणि कोळसा आमच्याकडून मातीच्या भावानं गेला आणि यंत्र होऊन दामदुपटीनं परत आला, तेव्हा दोघंही गप्प बसा.

तिघंही खरं बोलतात. या कामातला सगळ्यात त्रासदायक भाग तोच आहे.

मॅडमचा एक नियम आहे. त्याला आम्ही 'हामी', म्हणजे होकार, म्हणतो. पत्रक लिहून झालं की ते खरोखर तसं मानणाऱ्या एका माणसाकडे न्यायचं आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यानं म्हटलं पाहिजे, 'हाँ, यही कहना था मुझे.' नुसतं 'ठीक है' चालत नाही. 'हाँ, मगर' म्हटलं तर परत यायचं आणि पुन्हा लिहायचं. मधे वाद घालायचा नाही. माझ्यासारखीला हे शेवटचं कलम म्हणजे शिक्षा होती.

बंदराच्या पत्रकासाठी मी अमीनाबादमधल्या एका कापडाच्या व्यापाऱ्याकडे गेले होते. ते गाद्यांवर मांडी घालून गिऱ्हाइकांपुढे कापडाचे तागे उलगडत होते आणि मी बाजूला बसून, आयुष्यभर ज्यांच्या विरोधात घोषणा दिल्या, त्या व्यापाऱ्यांची बाजू वाचत होते. ऐकून ते म्हणाले, "बिटिया, लिखा तो सही है, मगर हर लाइन में हम लालची लग रहे हैं. आपको हमसे कोई शिकायत है क्या?" तक्रार होतीच. ती बाजूला ठेवून पुन्हा लिहायला मला पंधरवडा लागला. हामी मिळाली तेव्हा त्यांनी चहा मागवला. मला मात्र आपण कोणालातरी विकले गेलो असं वाटत होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एकदा नोकरीत नव्यानं लागलेल्या तरुणांची तुकडी आली. त्यांनी जेवणाआधीच हात वर केले. "मॅम, झगड़ा क्या करना, फिफ्टी-फिफ्टी कर लेते हैं." प्रांत तीन आहेत, हे त्यांना जेवणानंतर सांगावं लागलं. एका क्लासवाल्यानं आदल्या आठवड्यात फोन केला, "जीतेगा कौन, अभी बता दीजिए, फ्लेक्स छपवाना है."

सगळ्यात चांगला गट आला तो छावणीतल्या मराठी बायकांचा. नवरे सैन्यात, माहेर सातारा, सांगली, बुलढाणा. माझी पत्रकं त्यांनी पाच मिनिटांत बाजूला सारली. त्यांतल्या एक शिंदेबाई म्हणाल्या, "ताई, ते जकात-बिकात आम्ही बघतो मागनं. आधी हे सांगा, जवान डोंगरातला, मेला बंदर वाचवताना, आन बायको ऱ्हाते मैदानात. तिची पेन्शन कोण देणार?" शेजारची म्हणाली, "देनार सगळेच म्हंत्यात गं. कागदावर सही कुणाची, ते इचार." मॅडमना मराठी येत नाही. मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "ये सवाल मेरे दिमाग़ में क्यों नहीं आया?" तेव्हापासून तो प्रश्न तिन्ही पत्रकांत आहे.

डोंगराच्या पत्रकाची हामी मी इथेच शिकणाऱ्या, खाणभागातून आलेल्या एका मुलाकडून घेतली होती. ते पत्रक मी बाबांना कधी दाखवलं नव्हतं. डोंगर म्हणजे आमचंच घर. तिथे कागद नेला असता तर मी परत पत्रकांच्या घड्या घालायला बसले असते.

आणि मग बाबाच लखनौला आले.

चारबाग स्टेशनवर मी घ्यायला गेले. बाबा फलाटावर एका हमालाला आपलं पत्रक देत उभे होते. हमालानं ते उलटसुलट केलं आणि म्हणाला, "पढ़ तो लिया बाबूजी, समझ में नहीं आया." बाबा खूश. "पाह्य, वाचलं तं खरं त्यानं!"

रिक्षात बसल्यावर त्यांनी लगेच मुद्द्याला हात घातला. "बाई, मी तुले न्याले आलो. आता माह्या हातानं लिहनं होत नाही. अक्षर हलते. पत्रक बंद पडलं तं मी गेलो समज. तू चल. तूच लिही."

त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि थरथरत होता. तो डाव्या हातानं दाबून धरायची सवय त्यांना झालेली दिसली. मी म्हटलं, "परवा कॉलेजात कार्यक्रम आहे. तो होऊ दे. मग सांगते."

"सांगाचं काय त्याच्यात? हो म्हनाचं."

दुसऱ्या दिवशी ते आमच्या ऑफिसात आले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मी नको नको म्हणत असताना डोंगराचं पत्रकही दिलं. बाबांनी ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "हे कोनं लिहलं? तू? याच्यात रागच नाही वं. हे पत्रक नाही, अर्ज आहे. 'विनंती की आमचा कोळसा परत करावा.' सुट्टी मांगून राहिली का?"

मॅडमनी विचारलं, "क्या कह रहे हैं?"

मी म्हटलं, "इनको पसंद नहीं आया."

"मतलब हामी नहीं है," मॅडम म्हणाल्या आणि काहीतरी महत्त्वाचं कळल्यासारखी मान हलवली.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबा माझ्याआधीच घरातून निघाले. फिरायला जात असतील असं मला वाटलं. ते निशातगंजच्या गल्लीतल्या टायपिंगच्या दुकानात जाऊन बसले होते. तिथल्या भैयाला त्यांनी नागपुरी हिंदीत पत्रक सांगितलं. भैया मला नंतर म्हणाला, "दीदी, अंकल की हिंदी तो समझो उनकी अपनी ही कंपनी की है. मगर पढ़ के मेरा भी खून खौल गया."

कॉलेजचा हॉल मोठा होता. तीन टेबलं, मधे भिंतीवर कागदाचा नकाशा. अर्थशास्त्राचे विद्यार्थी तीन प्रांतांत वाटून बसले. मैदानाची अर्थमंत्री होती ज़ैनब. सडपातळ मुलगी, आवाज मात्र खणखणीत. डोंगराचा म्होरक्या अंकित, पेंगुळलेला. बाबा शेवटच्या रांगेत पाहुणे म्हणून. सकाळचं सत्र जेमतेम चाललं. मुलं माझी पत्रकं वाचून दाखवत होती, जांभया दाबत होती.

चहाची सुटी झाली. मी व्हरांड्यात मॅडमबरोबर पुढच्या सत्राचं बोलत होते. आतून आधी टाळ्या ऐकू आल्या, मग आरडाओरडा. जाऊन पाहिलं तर डोंगराची सगळी मुलं उभी, हातात पिवळा कागद. डोक्यावर ठळक छापलेलं: 'धुआँ हमारा, उजाला तुम्हारा! कब तक?' अंकित पेंगुळलेला राहिला नव्हता. तो टेबलावर चढून वाचत होता. बाबा समोसा खात उभे होते आणि त्यांचा चेहरा मी लहानपणी पाहिला होता तसा उजळला होता.

डोंगरानं देश सोडल्याचं जाहीर केलं. नकाशावरून आपला भाग फाडून घेतला. आपलं टेबल उचलून व्हरांड्यात नेलं, जाताना समोशांचं ताटही नेलं. ते पाहून बंदर म्हणालं, हे जाणार तर आम्ही कशाला थांबू? तेही उठले. हॉलमध्ये उरलं एकटं मैदान. ज़ैनब फाटक्या नकाशासमोर बसून राहिली होती.

प्राचार्य धावत आले. "ये कैसी ट्रेनिंग है मैडम? शाम को ट्रस्टी साहब आने वाले हैं."

मॅडम म्हणाल्या, "सर, देश टूटा है, प्रोग्राम नहीं."

मी बाबांना बाजूला घेतलं. "बाबा, तुम्ही माझं काम मोडलंत."

"मोडलं नाही, चालू केलं. सकायपासून झोपून राहिले होते ते पोट्टे. आता पाह्य कसे उभे झाले."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. एवढ्यात मॅडम आल्या. हातात तो पिवळा कागद. "भाई साहब, बहुत अच्छा लिखा है. इसमें हामी की ज़रूरत नहीं, आपकी अपनी बात है. अब एक काम और कर दीजिए." त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "इस पर उस बच्ची की बात लिख दीजिए. मैदान की."

"मैं? उनका? नई लिखता मैं." बाबांनी कागद परत केला.

तो मी घेतला. म्हटलं, "बाबा, मी इथे हेच करते. तुम्ही मला न्यायला आलात ना? मग मी काय करते ते एकदा स्वतः करून पाहा. मग म्हणा, चल."

ते ज़ैनबच्या टेबलाशी जाऊन बसले. लिहायला हात साथ देईना, म्हणून ते सांगत गेले आणि मैदानातला एक मुलगा उतरवून घेत गेला. नियमाप्रमाणे मला मदत करायची परवानगी नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

पहिला खर्डा पटकन झाला. 'हम संख्या में ज़्यादा हैं, इसलिए हमारी चलेगी. राजधानी हमारे पास है, फ़ौज हमारे पास है...' बाबांनी तो तालासुरात वाचला. ज़ैनबनं पूर्ण ऐकलं.

"नहीं अंकल. ये मैंने कब कहा? ये तो वो है जो आपको लगता है कि मैं आपकी पीठ पीछे बोलती हूँ."

दुसरा खर्डा नरम होता. इतका की ज़ैनब हसली. "अब तो मैं माफ़ी माँग रही हूँ. किस बात की?"

बाबा थांबले. व्हरांड्यातून डोंगराची मुलं खिडकीशी येऊन बघायला लागली होती. बाबांनी कपाळ पुसलं आणि मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं ते केलं. समोरच्याला प्रश्न विचारला.

"तो तेरे को चाहिए क्या, बेटा?"

ज़ैनब म्हणाली, "पहले ये बताइए, आपकी खान में काम कौन करता है?"

"हमारे लोग."

"सब?"

बाबांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

"मेरे नाना देवरिया के थे," ती म्हणाली. "कोयले के काम में गए थे, आपकी तरफ़ ही कहीं. सीने में धूल लेकर लौटे. हमारे यहाँ खेत छोटे हैं और घर में लोग ज़्यादा, तो लड़के जाते हैं. पैसा आपके पहाड़ से निकला, ठीक है. निकाला तो हमारे लड़कों ने भी. वो बीमार होकर घर आएँ तो अस्पताल किसके पैसे से चले? बस इतना पूछना था मुझे. और आप कहते हैं, धुआँ हमारा."

बाबांचा हात टेबलावर थरथरत होता. त्यांनी तो दाबला नाही. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "रामजतन होता नं. तुले आठवते का?"

मला आठवत होता. कोळसा उतरवणारे ठेकेदाराचे मजूर असत, पूर्वेकडून आलेले. रामजतन त्यांच्यातला. दिवाळीला आमच्याकडे जेवायला यायचा आणि मला 'छोटकी' म्हणायचा. खोकायचा. एका वर्षी गावी गेला तो आला नाही. बाबांनी त्याच्यासाठी ठेकेदाराशी भांडण केलं होतं, साहेबापर्यंत गेले होते. पण पत्रकात तो कधी आला नाही. पत्रकात 'आमचा' धूर होता. त्यात रामजतनला बसवायला जागा नव्हती.

"आपल्यासोबत राख खाल्ली त्यानं," बाबा म्हणाले. "आन म्या लिहलं, आमचा."

तिसरा खर्डा त्यांनी सावकाश सांगितला. फार मोठा नव्हता. 'आपकी खान में हमारे बेटे हैं. धुआँ आपका भी है, उनका भी. आप कहते हैं जो ज़मीन से निकला वो ज़मीन वालों का. हम कहते हैं, जो हाथ से निकला वो हाथ वालों का भी. हम आपसे आपका कोयला नहीं माँगते. इतना माँगते हैं कि जो आदमी वहाँ जवान गया और यहाँ बीमार लौटा, उसके इलाज के समय कोई ये न पूछे कि वो किस प्रांत का है.'

खिडकीशी उभा असलेला अंकित आत आला होता.

ज़ैनब म्हणाली, "हाँ. यही कहना था मुझे." मग जराशा मिश्कीलपणे, "पर अंकल, मैं आपसे अच्छा बोलती."

"बोलती तं बोलती," बाबा म्हणाले, मराठीतच. तिला कळलं.

देश पुन्हा जुळला असं लिहायला मला आवडलं असतं. जुळला नाही. डोंगरवाले टेबल घेऊन आत आले, त्यांच्यामागून बंदरही आलं, एवढंच. फाटलेला तुकडा त्यांनी नकाशाशेजारी ठेवला, चिकटवला नाही. संध्याकाळपर्यंत एकच गोष्ट ठरली. आजारी मजुराचा खर्च तिन्ही प्रांत मिळून करतील आणि बाकी सगळ्यावर पुन्हा बैठक होईल. ट्रस्टीसाहेब आले तेव्हा अंकित आणि ज़ैनब जकातीवरून एकमेकांवर ओरडत होते. त्यांना ते भाषण वाटलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा परत निघाले तेव्हा चारबागला गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर बसलो. बाबांचं मत बदललं होतं असं कोणी समजू नये. ते अजूनही म्हणत होते की आपलं राज्य वेगळंच पाहिजे. उलट आता त्यांना ते जास्त नीट सांगता येईल असं त्यांचं म्हणणं होतं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "येतं का?"

"येत नाही, बाबा." हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात म्हटलं होतं. तोंडातून निघताना ते वेगळंच जड लागलं. "पण लिहीन. तुम्ही फोनवर सांगा, मी उतरवून घेते. दर महिन्याला. एका अटीवर."

"अटी कायच्या वं बापाले?"

"पुढच्या पानांवर तुमचं. शेवटच्या पानावर त्यांचं. पुण्या-मुंबईच्या माणसाचं. हामी घेऊन."

ते हसले. "माह्या भोवती सारे माह्यासारखेच आहेत बाई. मले हामी देनारा आनू कोठून?"

"तो मी शोधते," मी म्हटलं. गाडी आली. चढताना त्यांनी पिशवीतली उरलेली पत्रकं माझ्या हातात दिली, म्हणाले, "हे वाटून टाक इथंच. तुह्या लखनौवाल्यायले समजत नाही तरी वाचतात ते."

माझीही एक खंत आहे. पूर्वी मी एका दमात लिहायचे आणि वाचणारा पेटायचा. आता प्रत्येक वाक्यापाशी कोणीतरी उभं असतं आणि विचारतं, हे मी कधी म्हटलं? माझ्या लिहिण्याची धार त्यानं गेली, असं चंद्रपूरचे बाबांचे मित्र म्हणतात. असेलही. मला ती धार कधीकधी फार आठवते.

पण आमचं पत्रक निघतं आहे. नव्या अंकाच्या डोक्यावर 'धूर आमचा' नाही. 'धूर आमच्या अंगणात' असं आहे, आणि दुसऱ्या पानावर रामजतन आहे. शेवटच्या पानासाठी बाबांनी पहिल्यांदाच तुमची बाजू लिहिली आहे. विदर्भ वेगळा होऊ नये असं ज्यांना वाटतं, त्या तुमची. खर्डा असा आहे:

'हे राज्य एका भाषेसाठी मागितलं गेलं, आणि मागणाऱ्यांत तुमच्याकडचीही माणसं होती. मुंबईत जमणाऱ्या करातून तुमच्या शाळेतल्या मास्तरांचा पगारही होतो. दुष्काळ आमच्याकडेही आहे, आमचे तालुकेही तहानलेले आहेत. आम्ही सगळे तुमच्या उजेडात बसून मजा करत नाही. तुमच्यावर अन्याय झाला असेल तर तो ज्यांनी केला त्यांना एकत्र जाब विचारू. पण भिंत घातली तर तुमच्या लेकी आमच्या घरात आहेत आणि आमची मुलं तुमच्या कारखान्यात, त्यांनी कोणत्या बाजूला उभं राहायचं?'

त्याखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. तिथे 'हामी' एवढंच छापलंय आणि पुढे जागा आहे. छपाई तिच्यासाठी थांबली आहे.

तुम्ही बाबांच्या विरोधातले असाल तर हा खर्डा एकदा मोठ्यानं वाचा. तुम्हाला हेच म्हणायचं होतं का? असेल तर तसं या अंकाच्या संपादकांना कळवा, ते आमच्यापर्यंत पोचवतील. नसेल, तर काय राहून गेलं ते लिहा. बाबा पुन्हा लिहितील. हात थरथरतो, पण सांगायला येतं त्यांना अजून.